वाटेप्रमाणे बदलणारे धक्काशोषक

डांबरी रस्ता संपून कच्ची वाट जेथे सुरू होते तेथे वाहन तेच राहते, परंतु त्याच्यापुढील प्रश्न पालटतो. राज्य महामार्गावरून ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जीपला वळणावर स्थिर राहावयाचे असते आणि एकाएकी ब्रेक लावावा लागला तर सरळ रेषेत थांबावयाचे असते. तीच जीप पुढे वाडीच्या वाटेला लागली की तिला दगड, खड्डे, ओढ्याचा उतार आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या यांना तोंड द्यावे लागते. पहिल्या कामाला अंगाने ताठ वाहन हवे. दुसऱ्याला नमते घेणारे. ग्रामीण महाराष्ट्रातील रुग्णवाहिका, पाण्याचे टँकर, दूध व भाजीपाला वाहणारे टेम्पो, शाळेच्या गाड्या आणि शासकीय जीपा ही सीमा दिवसातून कित्येकदा ओलांडतात. त्या प्रत्येक वेळी वाहनाने आपला स्वभाव बदलावा, आणि तोही चालकाने हात न लावता, अशी किमया साधण्याचा प्रयत्न म्हणजे परिस्थितीनुरूप बदलणारे धक्काशोषक होत.

धक्का झेलतो कोण?

नावामुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. खड्ड्याचा किंवा दगडाचा धक्का प्रथम झेलते ती स्प्रिंग. मग ती मोटारीतील गुंडाळीची असो वा ट्रकमधील पोलादी पाट्यांची असो. स्प्रिंग दबते, धक्क्याची ऊर्जा साठविते आणि लागलीच परत करते. ती परत करताना वाहन वर फेकले जाते, पुन्हा खाली येते आणि हे डोलणे चालूच राहते. ते थोपविणे हे धक्काशोषकाचे, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘शॉकअप’चे, काम. तेलाने भरलेल्या नळकांड्यात एक दट्ट्या खालीवर सरकतो. दट्ट्याला बारीक छिद्रे असतात आणि त्यांवर पोलादी चकत्यांच्या झडपा बसविलेल्या असतात. त्यांतून तेल बळाने ढकलले जाते आणि या ओढाताणीत आंदोलनाची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होऊन बाहेर निघून जाते. कच्च्या रस्त्यावर बराच वेळ धावलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावला तर चटका बसतो, तो यामुळेच. शास्त्रीय परिभाषेत या क्रियेला अवमंदन असे म्हणतात. स्प्रिंग आणि धक्काशोषक मिळून होणाऱ्या रचनेला मराठीत ‘निलंबन’ म्हणता येईल. परंतु शासकीय कार्यालयात तो शब्द निराळ्याच धास्तीने उच्चारला जात असल्याने येथे ‘सस्पेन्शन’ असेच म्हणणे बरे.

धक्काशोषकाचा संबंध केवळ प्रवाशांच्या सुखाशी आहे, हाही असाच एक अपुरा समज होय. मोटारीचा प्रत्येक टायर जमिनीला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी असते. चाक खड्ड्यातून उसळून हवेत उचलले गेले की तेवढ्या क्षणापुरते त्या चाकाचे ब्रेक, सुकाणू आणि इंजिनाची ओढ ही तिन्ही निरुपयोगी ठरतात. खडबडीत रस्त्यावर चाक असे वारंवार उडत राहिले तर गाडी थांबण्यास लागणारे अंतर वाढते आणि वळणावर ती बाहेरच्या बाजूला सरकते. घाटातील वळणावर या सरकण्याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. चाकाला जमिनीशी बांधून ठेवणे हे धक्काशोषकाचे पहिले कर्तव्य आहे. प्रवाशाची पाठ सांभाळणे हे दुसरे.

एकाच मापाचा पेच

या दोन कर्तव्यांचा मेळ बसणे मात्र कठीण आहे. मोटारीचा सांगाडा आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलतो. चाक आणि आस यांची थरथर याहून पुष्कळ जलद, म्हणजे सेकंदाला दहा ते पंधरा वेळा होते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला बरोबर १० मीटर अंतर कापते. रस्त्यावर दहा-दहा मीटर लांबीचे सौम्य चढउतार असतील तर त्याला सेकंदाला एक हेलकावा बसेल आणि सांगाडा नेमका त्याच तालात डोलू लागेल. मुरमाच्या रस्त्यावर पत्र्याच्या पन्हळीसारख्या आडव्या लाटा पडतात, हे सर्वांनी पाहिले आहे. या लाटा ८० सेंटिमीटर अंतरावर असतील तर त्याच वेगात चाकाला सेकंदाला साडेबारा ठोके बसतील. हा चाकाच्या थरथरीचा ताल आहे आणि अशा रस्त्यावर गाडी तरंगल्यासारखी बाजूला जाते ती त्यामुळेच. या दोन तालांच्या मधोमध मनुष्यदेहाचा ताल आहे. बसलेल्या माणसाला सेकंदाला सुमारे चार ते आठ वेळा होणारी उभी कंपने सर्वांत अधिक त्रास देतात. रुग्णवाहिकेत अस्थिभंगाचा रुग्ण किंवा अडलेली स्त्री असेल, तर हा आकडा केवळ पुस्तकी राहत नाही.

सांगाड्याचे संथ डोलणे थांबविण्यासाठी धक्काशोषक कडक हवा. परंतु आंदोलनाचा वेग सांगाड्याच्या स्वाभाविक तालाच्या सुमारे १.४ पटीपलीकडे गेला की गणित उलटते. तेथे धक्काशोषक जितका कडक, तितका रस्त्याचा खडबडीतपणा अधिक प्रमाणात आसनापर्यंत पोचतो. म्हणजे मधल्या टप्प्यात तो मऊ असला पाहिजे. आणि चाकाच्या थरथरीच्या तालाला पोचल्यावर चाक जमिनीवर राहावे म्हणून पुन्हा पुरेसा कडक. एकाच मापाच्या छिद्रांनी या तिन्ही मागण्या पुऱ्या होणे शक्य नसते. अभियंते म्हणून मधला मार्ग काढतात. आंदोलन एकही झोका न घेता थांबण्यासाठी जितके अवमंदन लागेल, त्याच्या साधारणतः एकपंचमांश ते दोनपंचमांश इतकेच ते मोटारीत ठेवतात. शिवाय चाक वर येताना झडप मऊ आणि खाली जाताना कडक अशी योजना असते. ही तडजोड सरासरी रस्त्यासाठी असते, आणि सरासरी रस्ता हा प्रत्यक्षात कोठेच नसतो.

भारामुळे या पेचात आणखी भर पडते. चालक एकटाच असलेली जीप आणि दहा माणसे व सामान घेऊन निघालेली जीप यांची स्प्रिंग तीच, शॉकअपही तोच. सांगाड्याचे वजन दुप्पट झाले तर त्याच धक्काशोषकाने मिळणारे अवमंदनाचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटते. रिकामी असताना चांगली वाटणारी गाडी भरल्यावर हेलकावे का खाते, याचे उत्तर येथे आहे.

घर्षणापासून तेलापर्यंत

विसाव्या शतकाच्या आरंभी तेलाचा धक्काशोषक प्रचारात नव्हता. फ्रान्समध्ये त्रुफो यांनी आणि त्यांच्या रचनेवरून अमेरिकेत हार्टफर्ड यांनी एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांचे धक्काशोषक बनविले. घर्षणाचा दोष असा की, आंदोलन लहान असताना ते चाक जखडून ठेवते आणि मोठे असताना अपुरे पडते, म्हणजे गरजेच्या अगदी उलट. याच काळात फ्रान्समधील मोरिस हुदाय यांनी तेलाच्या दाबाचा उपयोग केला. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ या सामान्यांच्या मोटारीतही हुदाय पद्धतीचे धक्काशोषक होते. तेलाचा गुण असा की दट्ट्याचा वेग वाढला की त्याचा विरोधही आपोआप वाढतो. त्या अर्थाने तेलाचा साधा धक्काशोषकही थोडाफार परिस्थितीनुरूप वागतोच.

पुढे १९५० नंतरच्या दशकात द कार्बाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने नळकांड्यात तेलाबरोबर मोठ्या दाबाचा नायट्रोजन वायू वेगळ्या कप्प्यात कोंडला. खडबडीत रस्त्यावर तेल घुसळले जाऊन त्याला फेस येत असे आणि फेस आलेले तेल विरोध करीत नसे. तो दोष या वायूच्या दाबाने दूर झाला. कच्च्या वाटेवर चालणाऱ्या वाहनांना ही सुधारणा वरदान ठरली.

वाट ओळखणारी झडप

बदलत्या धक्काशोषकांचा पहिला वर्ग विजेची मदत घेत नाही. त्यातील एका प्रकारात नळकांड्याच्या मधल्या भागाला आतून खाचा किंवा बाजूने वळणमार्ग ठेवतात. दट्ट्या मधल्या भागात असेपर्यंत काही तेल या मार्गाने निसटते, म्हणून नेहमीच्या रस्त्यावर गाडी मऊ चालते. मोठ्या खड्ड्यात दट्ट्या टोकाकडे गेला की खाचा संपतात, तेलाला केवळ झडपांतूनच जावे लागते आणि धक्काशोषक एकदम कडक होतो. सांगाडा रबरी ठोकळ्यावर आदळण्यापूर्वीच त्याला आवर बसतो. वाळवंटातील मोटारशर्यतींत ही रचना कसाला लागली आणि तेथून ती कच्च्या रस्त्यावरील मालवाहू गाड्यांत आली.

दुसरा प्रकार अधिक चतुर आहे. यात दट्ट्याजवळ एक छोटा कप्पा असतो व त्यात अरुंद मार्गाने तेल शिरते. आंदोलन संथ व लांब असेल, म्हणजे वळणावर गाडी कलत असेल किंवा ब्रेक लावल्याने तिचे नाक खाली जात असेल, तर कप्पा भरण्यास वेळ मिळतो. भरलेला कप्पा बाजूचा मार्ग दाबून बंद करतो आणि धक्काशोषक कडक होतो. पन्हळी रस्त्यावरील आखूड व जलद ठोक्यांत मात्र कप्पा भरण्याआधीच दट्ट्याची दिशा पालटते. मार्ग उघडाच राहतो आणि धक्काशोषक मऊ राहतो. आंदोलनाचा ताल ओळखणारी ही झडप म्हणजे तेलावर चालणारे एक लहानसे घड्याळच आहे. चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या, महिंद्र कंपनीने २०२१ मध्ये बाजारात आणलेल्या एक्सयूव्ही ७०० आणि २०२२ मधील स्कॉर्पिओ-एन या गाड्यांत या तत्त्वाचे धक्काशोषक बसविले गेले.

आकाशाला टांगलेला दट्ट्या

यापुढील पायरी इलेक्ट्रॉनिकीची आहे. टोयोटा कंपनीने १९८३ मध्ये जपानमधील आपल्या एका मोटारीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे धक्काशोषक दिले. वेग, सुकाणू व ब्रेक यांच्या स्थितीवरून ते मऊ वा कडक होत. परंतु या विषयाचा वैचारिक पाया त्याआधीच, १९७४ मध्ये, अमेरिकेतील कार्नॉप, क्रॉस्बी आणि हारवुड या तिघांच्या निबंधाने घातला होता. त्यांची कल्पना विलक्षण होती. वाहनाच्या सांगाड्याचे डोलणे थांबवावयाचे, तर धक्काशोषकाचे दुसरे टोक चाकाला जोडूच नये, ते आकाशाला टांगावे! तसे झाले तर रस्त्याचा खडबडीतपणा सांगाड्यापर्यंत पोचणारच नाही आणि सांगाडा मात्र स्थिर राहील.

आकाशात खुंटी नाही, हे उघड आहे. तथापि चाकाला जोडलेल्या धक्काशोषकाकडून तशी बतावणी करून घेता येते. सांगाडा वर जात असेल आणि त्याच वेळी धक्काशोषक ताणला जात असेल, तर त्याचा विरोध सांगाड्याला खाली ओढतो. हा विरोध उपकारक, म्हणून झडप आवळावी. सांगाडा वर जात असतानाच चाक त्याहून वेगाने वर येत असेल, तर तोच विरोध सांगाड्याला आणखी वर ढकलतो. म्हणून झडप सैल सोडावी. सांगाडा खाली जाताना याच नियमाची उलट बाजू लागू होते. सांगाड्यावरील आणि चाकांजवळील संवेदक ही माहिती पुरवितात, लहानसा संगणक सेकंदाला शेकडो वेळा निर्णय घेतो आणि विद्युत्‌चुंबकाने चालणारी झडप तो अमलात आणते. धक्काशोषक स्वतः बळ लावून चाक उचलीत नाही, फक्त विरोधाचे प्रमाण बदलतो. त्यामुळे विजेचा खर्चही किरकोळ असतो. पंपाच्या बळाने प्रत्येक चाक हलविणारी पूर्ण सक्रिय योजनाही झाली. १९८७ मध्ये लोटस आणि १९९२ मध्ये विल्यम्स या संघांच्या शर्यतीच्या मोटारी तिच्या बळावर जिंकल्या आणि १९९४ च्या हंगामापासून फॉर्म्युला वन शर्यतींत तिच्यावर बंदीच आली. सामान्य वाहनाला तो खर्च परवडणारा नव्हे.

झडपेऐवजी तेलच बदलण्याचा मार्गही आहे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील जेकब रॅबिनॉव यांना असे आढळले की, तेलात अतिसूक्ष्म लोहकण मिसळून त्यावर चुंबकीय क्षेत्र लावले असता कण साखळ्या करून उभे राहतात आणि तेल लोण्यासारखे घट्ट होते; क्षेत्र काढताच ते पुन्हा वाहू लागते. या शोधाचा वाहनातील उपयोग व्हावयास अर्धशतक जावे लागले. प्रथम तो मालट्रकच्या चालकाच्या आसनाखाली झाला आणि २००२ मध्ये कॅडिलॅक मोटारीच्या चाकांशी आला. दट्ट्यातील तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह सोडला की एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत धक्काशोषकाचा स्वभाव बदलतो, आणि हलणारी झडप मुळी लागतच नाही.

कच्च्या वाटेसाठी या यंत्रणांना वेगळे शिक्षण द्यावे लागते. अमेरिकेत फोर्ड कंपनीने २०१९ च्या ‘रॅप्टर’ या खडतर वाटांच्या गाडीत जी योजना केली, तीत गाडी उंचवट्यावरून हवेत उडाली, म्हणजे चाके खाली लोंबू लागली, हे संवेदकांना कळते आणि ती जमिनीवर उतरण्याआधी धक्काशोषक कमाल कडक केले जातात.

तालुक्याच्या गॅरेजातील वास्तव

असे असले तरी प्रत्येक शासकीय वाहनाला इलेक्ट्रॉनिक धक्काशोषक बसवावे, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे होईल. संवेदकाच्या तारा चाकाजवळच असतात. तेथेच चिखल, पाणी आणि दगडांचा मारा असतो. यंत्रणा बिघडल्यास धक्काशोषक एका ठरावीक मापावर राहतो, म्हणजे गाडी अडून पडत नाही. परंतु दुरुस्तीसाठी बिघाड शोधणारे उपकरण आणि ते जाणणारा माणूस लागतो, आणि ही दोन्ही आजही बहुधा मोठ्या शहरातच सापडतात. लोहकणांचे तेल महाग आणि कणांची झीज दट्ट्याच्या वेष्टणांना घातक. ज्या वाहनाला आडवाटेच्या गावी जाऊन परतावयाचे आहे, त्याच्यासाठी तेलाच्या तालावर स्वतःच चालणारी यांत्रिक झडप अधिक भरवशाची. रुग्णवाहिकेसारख्या वाहनाबाबत मात्र जास्तीच्या खर्चाचा विचार करण्यास खरोखर जागा आहे.

या प्रश्नाला रस्त्याचीही बाजू आहे आणि ती बांधकाम विभागाइतकीच पंचायत समितीशीही निगडित आहे. अमेरिकेत ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध रस्ता-चाचणीतून असे दिसून आले की, आसेवरील भार वाढला की रस्त्याची हानी साधारणपणे त्याच्या चतुर्थ घाताने वाढते. भार वीस टक्के वाढला तर हानी दुप्पट होते. धक्काशोषक निकामी झालेल्या ट्रकचे चाक रस्त्यावर एकसारख्या भाराने चालत नाही. ते ठोके देत चालते आणि प्रत्येक ठोक्याला भार तेवढ्यापुरता वाढतो. युरोपीय समुदायाने १९९२ मध्ये ‘रस्त्याशी सौम्य’ अशा सस्पेन्शनची व्याख्याच ठरविली. सांगाड्याचे डोलणे सेकंदाला दोनपेक्षा अधिक नसावे, अवमंदन वर सांगितलेल्या मापाच्या एकपंचमांशाहून अधिक असावे आणि त्यातील निम्मे तरी धक्काशोषकाकडून मिळावे, असे तिचे स्वरूप होते. पाट्यांच्या आपसांतील घर्षणावर विसंबून शॉकअप काढून टाकणारे मालक आढळतात. ते आपले पैसे वाचवून खड्डा सार्वजनिक खर्चात टाकीत असतात.

गतिरोधकाविषयीही येथे सांगितले पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळखंडाच्या आकाराचा असावयास हवा. गावोगाव हौसेने घातलेले हातभर रुंदीचे उभट बांध या मापात बसत नाहीत. तेथे धक्का इतका आखूड व तीव्र असतो की, कोणताही धक्काशोषक, साधा असो वा संगणकाचा, मनुष्यदेहाला पूर्णपणे वाचवू शकत नाही.

धक्काशोषकाची परीक्षा मात्र कोणालाही करता येते. उभ्या गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोन-तीन वेळा डोलली तर शॉकअप थकला असे समजावे. दांड्यावर तेल ओघळलेले असणे आणि टायरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी खळगे पडणे, याही तशाच खुणा. नव्या पद्धतीच्या धक्काशोषकांत ही हाताची परीक्षा अपुरी पडते, कारण थांबलेल्या गाडीत ते मुद्दाम मऊ ठेवलेले असू शकतात. त्यासाठी युरोपातील उत्पादकांच्या संघटनेने ठरविलेली पद्धत आहे. चाकाखालील पाटा सेकंदाला २५ वेळा हलवून, नंतर कंपने मंदावत जाताना चाकाचा जमिनीवरील भार कमीत कमी किती उरतो, हे मोजले जाते. उभ्या स्थितीतील भाराच्या वीस टक्क्यांहून कमी उरल्यास धक्काशोषक निकृष्ट ठरतो. बदलताना तो एकाच आसेवरील दोन्ही बाजूंचा एकदम बदलावा लागतो. एक नवा आणि एक जुना ठेवल्यास ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढली जाते.